कुंपणाआतलं पाणी

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या कोचापाता गावाचे प्रमुख आदरणीय एलेउतेरियो सुल्काकाका. प्रांताच्या कचेरीतून एवढा घाट चढून आलेले प्रमुख पाहुणे, विकुन्या प्रकल्पाचे इंजिनिअर बेद्रेगालसाहेब. त्यांच्या शेजारी बसलेले आणि थंडीने नाक लाल झालेले आमचे जनावरांचे नवे डॉक्टर रेनान. आजच्या सत्कारमूर्ती डॉक्टर नेलिदा वारकायाबाई. ज्यांना व्यासपीठावर खुर्ची लागत नाही असे आपल्या सर्वांचे वडीलधारे, त्या खिडकीतून दिसणारे डोंगरबाबा युराकोर्को. आणि माझ्या गावातल्या बंधूंनो, भगिनींनो, आणि मागे भिंतीला टेकून मघापासून माझ्याकडे बघत हसणाऱ्या मैत्रिणींनो!

सर्वप्रथम, मला या प्रसंगी बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी आयोजकांची ऋणी आहे. आयोजक म्हणजे विकुन्या समिती, आणि समितीची अध्यक्ष मी, सेनोविया कावाना. म्हणजे माझे आभार मीच मानले, ते एक बरं झालं. बाहेर खड्ड्यात दगड तापलेत, मांस आणि बटाटे मातीखाली गेलेत. ते शिजून वर येईपर्यंत तुम्हाला कुठे जाता येणार नाही आणि माईक माझ्या हातात आहे. तेव्हा जरा सोसून घ्या.

डॉक्टरीणबाईंबद्दल काय सांगावं? निरोपाच्या भाषणात माणसाचं गोड बोलायचं असतं, अशी रीत आहे. पण आमच्या डॉक्टरीणबाई फार गोड होत्या असं मी म्हटलं, तर इथे बसलेला एकही माणूस माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. बाई तापट. गाणं भसाडं. चीज लावलेले उकडलेले बटाटे यांच्यापुढे ठेवले, तर आपल्या वाटणीचे आधी बाजूला काढून ठेवलेले बरे. हसू नका बाई, तुमच्या तोंडावर सांगते आहे.

त्या पहिल्यांदा गावात आल्या तो दिवस आठवतो ना सगळ्यांना? आपण वेशीवर बँड लावला होता. काकांनी स्वागताचं भाषण पाठ केलं होतं. डॉक्टरीणबाई मोटरसायकलवरून आल्या, बँडच्या पुढून तशाच गेल्या, चढावर उतरल्या आणि गुडघे टेकून रानातल्या विकुन्यांच्या लेंड्या पिशवीत भरायला लागल्या! काका टोपी हातात धरून उभे. म्हणाले, "बाई, गाव ताटकळलंय, भाषण ऐकून घ्या." तर या काय म्हणतात? "काका, भाषण शिळं झालं तरी चालतं. हे ताजंच लागतं."

त्या दिवसापासून आपण त्यांना काय म्हणत होतो, ते मी व्यासपीठावरून सांगत नाही. तुम्हाला माहीत आहे आणि त्यांनाही माहीत आहे.

डॉक्टर रेनान, तुमच्यासाठी सांगते. आमच्या विकुन्या शिस्तीच्या आहेत. पाळीव अल्पाकांच्या रानटी बहिणी असल्या, कुणाच्या दावणीच्या नसल्या, तरी सगळं कुटुंब एकाच ढिगावर लेंड्या टाकतं. त्या लेंड्या बाई गोळा करायच्या आणि तपासायला शहरात पाठवायच्या. जनावर घाबरलं, तहानलं, दाटीत सापडलं की त्याच्या अंगात एक रस वाढतो आणि तो लेंडीत उतरतो म्हणे. मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाल्या, "सेनोविया, जनावर तोंडाने तक्रार करत नाही, म्हणून मागून विचारावं लागतं." काकांना हे फार असभ्य वाटलं होतं. अजूनही वाटतं, त्यांचा चेहरा बघा!

आता प्रमुख पाहुण्यांच्या परवानगीने मला कुंपणाबद्दल बोलायचं आहे. साहेब, ते कुंपण तुमच्या कचेरीने दिलं, याबद्दल गावाच्या वतीने आभार पूर्वीही मानले होते, आजही मानते. तार तुमची आली आणि अंगमेहनत आमची. घरटी माणूस राबलं. लहान पोरं पाठीवर टाकून आम्ही बायकांनी खांब वर नेले. तेव्हा चोर शिकारी रात्री-बेरात्री येऊन विकुन्या मारत होते, कातडं सोलून मढी तशीच टाकून जात होते. कुंपण आलं आणि ते थांबलं. खोटं कशाला बोलू? ते कुंपण पाहून माझी छाती अभिमानाने भरून यायची. आतल्या बाजूला डोंगराखालचं पाणथळ, हिरवंगार. कळप आत, पाणी आत. हाकाऱ्याला आता डोंगरभर पळायला नको. रंगीत फितींचा दोर धरून माणसांची साखळी करायची, जनावरं हळूहळू गोळा करायची, लोकर कातरायची आणि सोडून द्यायची. याच लोकरीवर शाळेचं छप्पर झालं, मास्तरीणबाईंचा पगार झाला. कुणी म्हणेल का की हे वाईट झालं?

पण मग पाऊस रुसला. युराकोर्कोच्या माथ्यावरचं बर्फ टकलावर उरलेल्या केसांसारखं दिसायला लागलं. पाणथळ आक्रसत आक्रसत एका डबक्यावर आलं. जी कुटुंबं एकमेकांच्या हाकेच्या अंतरातही कधी येत नसत, ती आता खांद्याला खांदा लावून पाणी प्यायला लागली. नर दिवसभर भांडत. माद्यांना बसून रवंथ करायलाही फुरसत नाही. आणि कुंपणाबाहेर राहिलेल्या विकुन्या तारेला छाती लावून आतल्या पाण्याकडे बघत उभ्या राहायच्या. मी रोज घरच्या अल्पाका चरायला घेऊन त्या वाटेने जात होते, मी पाहिलंय ते.

त्यात लूत आली. आधी पायांवर, मग काखेत, मग पोटाखाली. कातडीला खपल्या धरायच्या, खपल्यांना भेगा पडायच्या. चालवत नाही म्हणून जनावर चरायला जात नाही, चरत नाही म्हणून आणखी खंगतं. आपण काय केलं? ट्रकचं जळकं तेल घेऊन धावलो. अल्पाकांना तेच लावतो ना! बाईंनी डबा हातातून हिसकावून घेतला होता. "आधीच सोललेल्या अंगावर हे ओतता? स्वतःच्या ढुंगणाला लावून बघा आधी!" साहेब, क्षमा करा, मी फक्त जसं बोलल्या तसं सांगते आहे.

आणि मग ती ग्रामसभा. काका, सांगू का पुढचं?

सांग म्हणतात. "नाहीतरी तू थांबणार आहेस का?" म्हणतात. माईक नसतानाही काकांचा आवाज मागपर्यंत जातो, हे आमचं भाग्य.

डॉक्टर रेनान, आमच्याकडे हाकाऱ्याच्या आधी एक लग्न लागतं. एक नर, एक मादी पकडायची, फुलांच्या माळा घालायच्या, डोंगराला मक्याची चिचा पाजायची, मग आपण प्यायची आणि या नवराबायकोला सोडून द्यायचं. युराकोर्कोचीच लेकरं ती. त्याच्या घरचं कार्य करून दिल्याशिवाय त्याच्या लोकरीला हात लावायचा नाही. तर त्या ग्रामसभेत काका म्हणाले, "मागच्या खेपेला आपण नवरी म्हातारी पकडली. तिला पिल्लू झालंच नाही. डोंगर त्यावर रागावलाय, म्हणून पाणीही नाही आणि म्हणून लूतही आहे. लग्न पुन्हा लावायचं. कातरणी नको, पैसा नको, फक्त लग्न." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं! आपण लोकर घ्यायला नव्हे, मान द्यायला जात होतो. याच्यात कसलं पाप?

एकट्या डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. "ऐन दुष्काळात त्यांना पळवू नका," म्हणाल्या. "पाय उचलत नाहीत त्यांचे. पावसापर्यंत तरी थांबा." एवढं बोलून बसल्या असत्या तर कदाचित आपण थांबलोही असतो. पण तोंडाला लगाम असेल तर त्या डॉक्टरीणबाई कसल्या! पुढे म्हणाल्या, "दगडाच्या ढिगाला कसला आलाय राग?"

संपलं. आपल्या बापाला कुणी दगडाचा ढीग म्हटलं तर काय करायचं? ज्यांचं मन अजून ठरत नव्हतं, त्यांनीही हात वर केले. लग्न ठरलं.

दोर काढला, साखळी केली. त्या वर्षी साखळी फार सुंदर झाली होती, चारही वाड्यांतली माणसं आली होती, कारण मामला डोंगराच्या मानाचा होता. ढोल, शिट्या, आरोळ्या. विकुन्या धावल्या, पडल्या, पुन्हा उठून धावल्या. आजारी आणि धडधाकट सगळ्या एका कोंडवाड्यात, अंगाला अंग. नवरी तरुण मिळाली, काकांनी स्वतः माळ घातली. नवरा थरथरत होता. आपण म्हणालो, लाजतोय.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण सांगवत नाही. महिना व्हायच्या आत पाणथळाच्या कडेने मढी दिसायला लागली. गाभण माद्यांनी अर्धवट पिल्लं टाकली. जिच्या पायाला एक खपली होती, ती पोटापर्यंत भरली. जी धडधाकट होती, तिलाही लूत लागली. माळ गळ्यात असलेली आपली नवरी खांबाला अंग घासत मेली. फुलं वाळून गेली होती, पण दोरा तसाच होता.

सगळ्यांना वाटलं, आता डॉक्टरीणबाई आपल्याला फाडून खातील. काका मला घेऊन त्यांच्याकडे गेले. बाई मढी पुरत होत्या. काकांनी टोपी काढली आणि म्हणाले, "तू म्हणालीस तसंच झालं. बोल आता काय बोलायचं ते."

बाईंनी वरही पाहिलं नाही. म्हणाल्या, "मला वेळ नाही, काका. पाय धरा." काकांनी त्या विकुन्येचे मागचे पाय धरले, मी पुढचे धरले. संध्याकाळपर्यंत आम्ही तेच करत होतो.

नंतर तिघं तिथेच दगडावर बसलो. काकांनी विचारलं, "हा लुतीचा किडा आला कुठून?"

"आला कुठून नाही, होताच," बाई म्हणाल्या. "तुमच्या आजोबांच्या वेळीही होता."

"मग तेव्हा का नाही मेल्या अशा?"

"तेव्हा एखादीच मरायची, कारण चरायला अख्खा डोंगर होता. काका, तुमचं सगळं खानदान एका खोलीत कोंडलं, एकच घागर पाणी ठेवलं, आणि रोज दारावर कुणी तरी बोंबलत आलं, तर एकाचा खोकला सगळ्यांना लागेल की नाही? किडा काही जास्त ताकदवान झालेला नाही. या थकल्यात. तहान, उपास, दाटी, धास्ती, एवढं सोसल्यावर अंगात लढायला काय उरतं?"

बाईंनी हातांची माती झटकली. मग म्हणाल्या, आणि हे मी मुद्दाम सगळ्यांसमोर सांगते, कारण ग्रामसभेत हे कुणी ऐकलेलं नाही. म्हणाल्या, "त्या दिवशी मी चुकीचं बोलले. पण तुम्हीही डोंगराला रागीट म्हणू नका. घरातलं पीठ संपलं, तर आई रागावली असं म्हणतो का आपण? त्याच्याकडे द्यायला उरलं नाही. जे थोडं उरलंय, त्याच्याभोवती आपण तार घातली."

त्या दिवसापासून काकांनी यांना लेंडीवाली म्हणणं सोडलं. घ्या, आलंच तोंडात शेवटी!

त्यानंतर पाऊस थोडा झाला, कळप थोडा सावरला. यंदा पुन्हा पावसाने ओढ दिली. बाईंच्या पिशव्या पुन्हा शहरात जाऊन आल्या. कुंपणाच्या आतल्या लेंड्यांत भीतीचा तो रस बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त निघाला, आणि आठेक कुटुंबांत लूत पुन्हा दिसली. यंदाच्या हाकाऱ्याच्या परवान्यावर डॉक्टरीणबाईंनी सही करायला नकार दिला.

आणि योगायोग असा की त्यांची बदली झाली. बदली ही नोकरीतली सर्वसाधारण बाब आहे, असं साहेब मघाशी त्यांच्या सुंदर भाषणात म्हणाले. आम्ही डोंगरातली माणसं, आम्हाला सर्वसाधारण बाबी उशिरा कळतात. सही नाकारली सोमवारी आणि बदलीचा कागद आला शुक्रवारी. आमचा रस्ता इतका खराब असताना कागद इतक्या वेगाने आला, याबद्दल कचेरीचं कौतुक करावं तेवढं थोडं. साहेब, ठसका लागला का? पाणी घ्या. आमच्याच पाणथळाचं आहे, जपून वापरतो.

हाकारा उद्या आहे. दोर उन्हात टाकून झालाय, वाड्यांतली माणसं आलीत, डॉक्टर रेनान पेन घेऊन आलेत. डॉक्टर, तुमची ही पहिलीच नोकरी. तुमच्यावर माझा काडीचाही राग नाही. तुम्हाला सही करावीशी वाटली तर करा. पण परवान्यावर दोन सह्या लागतात. दुसरी सही विकुन्या समितीच्या अध्यक्षाची असते.

ती सही मी करणार नाही.

थांबा, थांबा, बोलू द्या. काय म्हणतेस फ्लोरेन्सिया? मोठ्याने बोल. "लोकर नाही तर मास्तरीणबाईंचा पगार कुठून द्यायचा?" अगदी बरोबर विचारलंस. समितीत काल दिवसभर हेच भांडण चाललं होतं. प्रत्येक घराने आपल्या अल्पाकांच्या लोकरीतला एक वाटा यंदा शाळेला द्यायचा, असं ठरलंय. पहिला वाटा माझा. ओझं होईल, माहीत आहे मला. माझी पण लेक त्याच शाळेत आहे. पण मला एक सांग, विकुन्या जिवंत राहिली तर तिची लोकर पुन्हा उगवते. मेली तर मेली. उद्या त्यांना पुन्हा पळवलं, पुन्हा एका कोंडवाड्यात कोंडलं, तर परत पुरायला कोण येणार? तू येशील? मी नाही येणार. मला ते पुन्हा करवणार नाही.

आणि आलेल्या माणसांनी उद्या रिकाम्या हाताने परत जायचं का? नाही. डॉक्टरीणबाईंनी गेल्या वर्षीच सांगितलं होतं, तार काढा. आतल्यांना वरच्या झऱ्यांकडे जाऊ द्या, बाहेरच्यांना पाण्यापर्यंत येऊ द्या. हाकलायचं नाही, आरोळ्या द्यायच्या नाहीत. त्यांना वाट सापडते, ती आपल्यापेक्षा चांगली माहीत आहे त्यांना. शिकाऱ्यांची भीती आहेच. त्यासाठी आळीपाळीने राखण करू, पूर्वी करत होतो तशी. उद्या इतके हात जमलेत, तर दोर धरण्याऐवजी तार गुंडाळू. समितीचं म्हणणं हे आहे.

पण कुंपण समितीचं नाही, गावाचं आहे. आणि गावाचा शब्द काकांचा. अध्यक्षमहाराज, रीतीप्रमाणे हे तुम्हाला आधी घरी येऊन विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण घरी तुम्ही मला नाही म्हणाला असता आणि माझ्याने पुढे बोलवलं नसतं. म्हणून इथे, डॉक्टरीणबाईंसमोर आणि खिडकीतल्या त्या म्हाताऱ्यासमोर विचारते. काका, तार काढायची का?

...

काका उभे राहतायत. माईक देऊ का? नको म्हणतात.

सगळ्यांना ऐकू आलं? मागे नाही आलं? मी सांगते. काका म्हणतात, "वरचा कोपरा मी बांधलाय. त्याच्या गाठी मी मारल्यात. तिथे दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तो मी सोडवीन."

जरा थांबा. माझं मलाच आवरू द्या.

असो. डॉक्टरीणबाई, ही शाल गावातल्या बायकांनी मिळून विणली आहे. अल्पाकाची आहे, कुणालाही पळवलेलं नाही. तुम्ही आम्हाला कधी लाडीगोडी लावली नाहीत. शिव्या दिल्यात, आणि मढी पुरताना आमच्याबरोबर राहिलात. तुम्ही जिथे जाल तिथेही कुठल्या ना कुठल्या गावाचा बँड तुमची वाट बघत उभा असेल. तुम्ही त्याच्या पुढून तशाच जा. आम्हाला तुमची फार आठवण येईल, बाई. हे गोड बोलणं नाही, खरं आहे ते.

प्रमुख पाहुण्यांनी वेळात वेळ काढला आणि माझं हे सगळं खुर्चीवरून न उठता ऐकलं, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. डॉक्टर रेनान, तुमचं स्वागत, आणि पेन खिशात ठेवा, थंडीत शाई गोठते. अध्यक्षांचे आभार मी मानत नाही. ते मानायला माझे शब्द पुरणार नाहीत. आचारी मंडळींनो, बटाटे शिजले असतील, माती काढायला घ्या.

बोलण्याच्या भरात कुणाला काही टोचलं असेल, मान राखायचा राहिला असेल, तर थोरामोठ्यांनी पोटात घालावं. लहान तोंडी मोठा घास घेतला, तेवढा गिळून टाकावा. उद्या उजाडता उजाडता वरच्या कोपऱ्यावर भेटू. ढोल घरी ठेवा, कुत्री बांधून या, आणि येताना हातमोजे आणा.